ऑफर हातात आली की आधी पीएफ उघडा

नोकरी बदलताय आणि नवी कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे तुम्ही दिलेल्या माहितीची तपासणी, करणार आहे? मग राजीनाम्याचा मेल टाकण्याआधी ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) मेंबर पोर्टलवर लॉगिन करा, सर्व्हिस हिस्टरी उघडा आणि प्रत्येक जुन्या कंपनीसमोर नोकरी सोडल्याची तारीख आहे का ते बघा. बाकी सगळं त्यानंतर. २०२२ मध्ये मी बाकी सगळं केलं होतं, फाइल लावली होती, झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या. फक्त हे बघितलं नव्हतं. २०१८ मध्ये सोडलेल्या एका छोट्या कंपनीनं माझी तारीख कधी भरलीच नव्हती. त्यामुळे तपासणी करणाऱ्यांच्या नजरेत मी चार वर्षं एकाच वेळी दोन नोकऱ्या करत होते. अहवालात लाल शेरा आला, ऑफर होल्डवर गेली, आणि तोवर माझा नोटीस पिरियड संपला होता. सहा आठवडे पगार नाही. घराचा हप्ता मात्र दर पाच तारखेला ठरलेला. ते दिवस आठवले की आजही पोटात गोळा येतो.

ही तारीख आपली आपल्याला भरता येते. पीएफचा शेवटचा भरणा होऊन दोन महिने उलटले की 'मॅनेज'खाली 'मार्क एक्झिट' करता येतं. ज्या महिन्याचा शेवटचा पीएफ भरला गेला त्याच महिन्यातली तारीख द्यावी लागते, आणि एकदा दिली की पुन्हा आपल्याला बदलता येत नाही. तेव्हा रिलीव्हिंग लेटर समोर घेऊनच बसा. ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. माझ्या आधारला कॉलेजातला, केव्हाच बंद झालेला नंबर होता. तो बदलून घेण्यातच माझे बरेच दिवस गेले, आणि नंबर बदलल्यावर मूळ काम दहा मिनिटांत झालं. म्हणून आधारला कोणता नंबर आहे तेही आजच बघा. एखाद्या कंपनीनं जुना यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, न विचारता नवाच काढला असेल तर दोन यूएएन असतात. जुना पीएफ चालू खात्यात ट्रान्सफर करून घ्या.

मार्कशीट, पॅन, फोटो याबद्दल सांगत नाही. पदवी प्रमाणपत्राबद्दल सांगते, कारण पुण्यात कितीतरी जण शेवटच्या वर्षाच्या मार्कशीटवरच वर्षानुवर्षं काम भागवतात. पदवी प्रमाणपत्रासाठी विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, तो केला नसेल तर आता करा. आणि फॉर्ममध्ये विद्यापीठाचं नाव प्रमाणपत्रावर छापलंय तेच लिहा. २०१४ मध्ये ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. त्याआधीच्या प्रमाणपत्रांवर नुसतं पुणे विद्यापीठ आहे.

नावाचा घोळ आपल्याकडे फार होतो. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पॅनवर वेगळा क्रम, आधारवर मधलं नाव गायब. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत तर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही वेगळी. सगळी कागदपत्रं एका टेबलावर मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद, जे असेल ते, मागायची वाट न बघता सोबत जोडा. पीएफवरचं नावही याच वेळी ताडा. आणि पीएफ उघडलाच आहे तर सोडल्याची तारीख? बघितली ना?

पत्त्यासाठी नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. मालकानं नुसता स्टॅम्प पेपरवर करून दिला असेल तर तो पुढे कटकट देतो. तपासणीला माणूस घरी येऊ शकतो, म्हणून सोसायटीच्या वॉचमनला आणि शेजारच्या काकूंना सांगून ठेवा. 'इथं असं कुणी राहत नाही' एवढं एक वाक्य सगळं अडवतं. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला तर अर्ज योग्य आयुक्तालयाकडे करा. २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं आहे. वाकड, हिंजवडी, भोसरी तिकडे येतात. मी वाकडला राहते, आणि 'पुणे'च असेल असं धरून चाललेले दोघं-तिघं तर माझ्याच इमारतीत आहेत.

रेझ्युमेबद्दल कळकळीनं सांगते. तीन महिन्यांची नोकरी नको म्हणून गाळू नका. तिथं पीएफ कापला गेला असेल तर ती सर्व्हिस हिस्टरीत दिसणारच, आणि लपवली म्हणजे काहीतरी असणार असा अर्थ लावला जातो. मधे दोन वर्षं मूल लहान होतं, आई आजारी होती, तर तसं साधं लिहा. पगाराच्या स्लिपमध्ये आकडा फिरवून देणारे लोक भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. बँक स्टेटमेंट आणि फॉर्म २६एएसमध्ये (कापलेल्या कराच्या आयकर खात्याकडच्या नोंदीत) खरा आकडा असतोच. पीएफ न कापणाऱ्या जुन्या कंपनीसाठी हेच दोन कागद तुमच्या बाजूनं बोलतात.

संदर्भासाठी जुन्या साहेबांचा ऑफिसचा मेल द्या, जीमेल बहुधा चालत नाही. नाव देण्याआधी त्यांना फोन करा. कंपनी बंद पडली असेल तर आधीच कळवा. संमतीपत्र वाचून सही करा. आधार मागितलं तर मास्क्ड द्या, शेवटचे चार आकडे दिसतात तेवढं चालतं का ते आधी विचारा.

राजीनाम्याआधी एचआरला मेलवर विचारा: तपासणी जॉइनिंगच्या आधी पूर्ण व्हावी लागते, की नंतर झाली तरी चालते? लेखी उत्तर येईपर्यंत थांबा.

शेवटच्या दिवशी रिलीव्हिंग लेटर, पगाराच्या तीन स्लिपा, फुल अँड फायनल हिशेबाचा कागद. लॅपटॉप परत केल्याची पावती. नव्या ठिकाणी यूएएन जुनाच द्या.

आणि जॉइन झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सर्व्हिस हिस्टरी उघडा. आत्ता सोडलेल्या कंपनीनं तारीख भरली नसेल, तर त्याच दिवशी स्वतः भरा.