ट्रेलर ओढताना रस्त्यावरील तपासणीत अडकवणाऱ्या चुका : या टाळा

रस्त्याच्या कडेला गाडी थांबवल्यावर अनुभवी तपासनीस आधी कागद मागत नाही. तो सरळ मागे जातो, ट्रेलरभोवती एक फेरी मारतो, कपलरपाशी (ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या सांध्यापाशी) वाकून पाहतो, टायरच्या कडेवरून बोट फिरवतो, आणि त्या दोन मिनिटांत त्याला जे दिसते ते चालकाने निघण्यापूर्वी बहुधा एकदाही पाहिलेले नसते. अशा थांब्यांवर माझी पाळी येईपर्यंत पुढच्यांच्या ट्रेलरचे जे प्रकार मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, त्यांतून हे तक्रारवजा टिपण तयार झाले. येथे सापडणारे बहुतेक दोष रस्त्यात निर्माण झालेले नसतात. ते घरून सोबत आणलेले असतात.

दिव्यांची चूक मी सर्वांत आधी सांगतो, कारण तिने एकदा मलाच गाठले होते. त्या दिवशी निघण्यापूर्वी मी दिवे तपासले होते आणि तसे तपासनीसाला ठासून सांगितलेही. डावा इंडिकेटर लावून मागे जाऊन पाहिला, उजवा पाहिला, घरातल्या एकाला ब्रेकवर पाय ठेवायला लावून लाल दिवे पाहिले. सगळे ठणठणीत होते. तपासनीसाने मला ट्रेलरच्या मागे उभे केले, त्याचा सहकारी गाडीत बसला, त्याने पार्किंगचे दिवे चालू ठेवून ब्रेक दाबला आणि तसाच दाबून धरत डावा इंडिकेटर दिला. इंडिकेटर धड पेटेचना, आणि शेजारचा ब्रेकचा दिवा मात्र त्याच्या तालावर मंद-तेज होऊ लागला. मी थांबतो आहे की वळतो आहे, हे मागून येणाऱ्याला कोणत्याही उपायाने कळले नसते. मी गप्प बसलो.

दोष अर्थिंगचा होता. ट्रेलरच्या दिव्यांचा परतीचा प्रवाह एका सामाईक तारेतून गाडीकडे येतो. सात पिनांच्या युरोपीय प्लगमध्ये ती तिसऱ्या पिनेला जोडलेली पांढरी तार असते. तेथे गंज चढला किंवा स्क्रू ढिला झाला, तर एका दिव्यापुरता प्रवाह कसाबसा परततो. परंतु तीन-चार दिवे एकदम लागले की ती वाट अपुरी पडते आणि प्रवाह दुसऱ्याच दिव्याच्या फिलामेंटमधून मार्ग काढतो. म्हणूनच एकेक दिवा वेगळा पाहणाऱ्याला हा दोष कधीच सापडत नाही. त्यातही फसवा प्रकार असा की अर्थची तार पूर्ण तुटलेली असतानाही काही ट्रेलरचे दिवे लागतात, कारण प्रवाह कपलर आणि टो-बॉल, म्हणजे कपलर ज्यावर बसतो तो गाडीमागचा गोळा, यांच्या धातूतून परततो. बॉलवर ग्रीस असते, चालताना तेथील स्पर्श सुटत-जुळत राहतो, आणि अंगणात नीट जळणारे दिवे रस्त्यावर लुकलुकू लागतात.

तेव्हापासून मी दिवे नेहमी एकत्र लावूनच पाहतो. महिन्यातून एकदा प्लग उघडतो, बारीक पॉलिश पेपरने पिना घासतो, स्क्रू आवळतो आणि प्रत्येक दिव्याची अर्थची तार चासीवर (ट्रेलरच्या धातूच्या सांगाड्यावर) न सोडता थेट प्लगपर्यंत नेतो. चासीवर अर्थ घेणे चुकीचे आहे असे नाही, पण रंगाच्या आणि गंजाच्या थरावर माझा विश्वास नाही. दिवा लागला नाही की आधी बल्ब बदलणारे आणि तो लागावा म्हणून लेन्सवर थापट्या मारणारे लोक मला दर थांब्यावर भेटतात. थापटीने लागलेला दिवा पुढच्या खड्ड्याला विझतो. फुटलेल्या लेन्सवर लाल चिकटपट्टी लावणे ही दुरुस्ती नसून दोष कोठे आहे हे तपासनीसाला लांबून दाखवणारी खूण आहे.

दुसरी चूक वजनाची. ‘चारशे किलोच तर भरले आहेत’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते ऐकताच मी ट्रेलरवरील पाटी शोधू लागतो. त्या पाटीवर लिहिलेले कमाल वजन मालाचे नसते. रिकामा ट्रेलर अधिक माल असे ते एकूण वजन असते. पाटीवर ७५० किलो असेल आणि रिकामा ट्रेलरच २५० किलोंचा असेल, तर मालासाठी ५०० किलो उरतात, आणि त्यातूनही जादा चाक, ताडपत्री व पट्टे यांचे वजन वजा होते. गाडीची ओढण्याची क्षमता १,५०० किलो आहे म्हणून त्याच ट्रेलरवर टनभर माल चढवता येत नाही, कारण गाडी, टो-बार (गाडीमागचा, बॉल बसवलेला दांडा), कपलर, अ‍ॅक्सल आणि टायर यांतील जो सर्वांत कच्चा असेल त्याचीच मर्यादा सगळ्यांना लागू होते. वाळूच्या बाबतीत तर डोळ्यांच्या अंदाजावर जाऊच नये : ओल्या वाळूचा अर्धा घनमीटर, जो ट्रेलरमध्ये अगदी थोडासा दिसतो, जवळजवळ एक टन भरतो. शंका असेल तेव्हा मी भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेतो. त्यात वेळ जातो ही तक्रार करणाऱ्यांना पुढे रस्त्याच्या कडेला निम्मा माल उतरवताना मी पाहिले आहे, आणि तेथे तो न्यायला दुसरे वाहन मागवण्यात दुपार जाते.

एकूण वजन बरोबर असले तरी ते कोठे ठेवले आहे याला तितकेच महत्त्व आहे. कपलर बॉलवर खाली किती दाबतो, हे वजन युरोपात वापरल्या जाणाऱ्या ट्रेलरसाठी साधारण एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के, तर अमेरिकी पद्धतीच्या जोडणीत १० ते १५ टक्के धरले जाते. अर्थात टो-बारवर कोरलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळावी लागते. जड वस्तू मागे ठेवली की कपलर वर उचलला जातो, गाडीच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. जड वस्तू फार पुढे घेतली तर गाडी मागे बसते आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, जे तपासनीसाला शंभर पावलांवरून दिसते. मी घरातला साधा वजनकाटा घेऊन त्यावर योग्य उंचीचा लाकडी ठोकळा उभा करतो, सपाट जमिनीवर ट्रेलर आडवा समतल ठेवून कपलर त्या ठोकळ्यावर टेकवतो आणि आकडा वाचतो. पाच मिनिटांचे काम आहे.

कपलरचा खटका वाजला म्हणजे जोडणी झाली, असे मानणाऱ्यांनी बॉलचा व्यास एकदा मोजावा. २ इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा, कपलर १ ७/८ इंचाच्या, म्हणजे ४७.६ मिलिमीटरच्या, बॉलवर बसतो, बंदही होतो, आणि मोठ्या उसळीला निघून येतो. खटका लावल्यावर मी जॉकी व्हील, म्हणजे ट्रेलरच्या पुढचे खालीवर होणारे आधाराचे चाक, पुन्हा खाली फिरवून गाडीची मागची बाजू दोन-तीन बोटे वर उचलून पाहतो. बॉल सुटायचा असेल तर तो अंगणातच सुटतो. त्यानंतर जॉकी व्हील पूर्ण वर घेऊन त्याची पकड आवळायला विसरू नये. अर्धवट आवळलेले चाक हळूहळू खाली सरकते आणि रस्त्यावर घासत जाते.

सुरक्षा साखळ्या कपलरखाली एकमेकींवर फुलीसारख्या आडव्या घ्याव्यात, म्हणजे कपलर सुटला तर तो त्यांच्या झोळीत पडतो. ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक लावणारी तार) नुसती बॉलच्या मानेभोवती गुंडाळू नये, टो-बारवर तिच्यासाठी कडी असेल तर तेथेच अडकवावी.

ट्रेलरचे टायर झिजून नव्हे तर म्हातारे होऊन मरतात. नक्षी नव्यासारखी दिसते आणि कडेला मात्र भेगा पडलेल्या असतात. टायरवरील चार आकड्यांचा शिक्का वाचायला शिकावे : २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला.

चाक बदलले असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत. पहिल्या थांब्यावर हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हाताची मागची बाजू नेऊन पाहावी; एक हब दुसऱ्यापेक्षा बराच तापला असेल तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक, यांपैकी काहीतरी बिघडले आहे.

पट्टे पीळ न देता, धारदार कडेखाली जाड कापड घालून लावावेत, आणि तपासनीस दिसल्यावर उतरून आवळू नयेत. तेव्हा तो आपल्या हातांकडेच पाहत असतो. नंबरप्लेट ताडपत्रीने झाकली जाऊ नये, आणि ट्रेलर गाडीहून रुंद असेल तर जादा आरसे लावावेत.

शेवटची चूक तपासणी सुरळीत पार पडल्यानंतरची आहे. दिवे पाहताना कोणीतरी प्लग काढलेला असतो, ताडपत्रीचा एक कोपरा सोडलेला असतो, पट्टा सैल केलेला असतो. आणि मोकळे सोडल्याच्या आनंदात चालक तसाच निघतो. एकदा माझ्या पुढच्याचा प्लग रस्त्यावर ठिणग्या उडवत चालला होता आणि मी हॉर्न वाजवत त्याच्या मागे तीन किलोमीटर गेलो, तेव्हा तो थांबला. पिना घासून सपाट झाल्या होत्या.