चोरीला गेलेला फोन ब्लॉक कसा करावा आणि त्यानंतर काय होते

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा कदंबच्या भरगच्च बसमध्ये खिशातला फोन नाहीसा झाल्याचे लक्षात आले, की बहुतेक जण आपल्याच नंबरवर पुन्हा पुन्हा फोन लावत बसतात. एकदा लावून पाहावा. बंद लागला तर सोबतच्याच्या फोनवरून आपल्या गूगल किंवा ॲपल खात्यात जाऊन हरवलेल्या फोनला कुलूप लावावे, आणि लगेच सिम कंपनीला कळवून सिम बंद करून घ्यावे. बँकेचे ओटीपी सिमवर येतात, म्हणून चोराहाती फोनपेक्षा चालू सिम राहणे अधिक महागात पडते. यूपीआय थांबवण्यासाठी बँकेलाही कळवावे आणि पैसे गेलेच असतील, तर १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

यानंतर पोलीस स्थानक गाठावे. तिथे फोनचा आयएमईआय, म्हणजे १५ आकडी ओळख क्रमांक लागतो, कारण पुढे ब्लॉक होणार असतो तो हाच. तो फोनच्या खोक्यावरील चिकटपट्टीवर, पुष्कळदा बिलावरही, छापलेला असतो. फोन हाती असतानाच स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून तो वहीत उतरवून ठेवलेला बरा. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात, दोन्ही द्यावेत. तक्रारीवर सही करण्यापूर्वी आकडे खोक्याशी एकेक करून ताडून पाहावेत, कारण एक आकडा चुकला तरी पुढचे सारे अडते.

ब्लॉक करण्याची सोय दूरसंचार विभागाच्या सीईआयआर या यंत्रणेत आहे. मे २०२३ पासून ती ‘संचार साथी’ संकेतस्थळामार्फत देशभर खुली झाली. अर्जात फोनचा तपशील, चोरीचे ठिकाण व तारीख, जिल्हा, पोलीस स्थानक आणि तक्रार क्रमांक भरावा. तक्रारीची प्रत व ओळखपत्र जोडावे. अर्जासाठी ओटीपी लागतो, म्हणून त्याच नंबरचे नवे सिम आधी घ्यावे. मात्र नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. संकेतस्थळ बिघडले असे समजून इथेच अनेक जण वैतागतात. दुसऱ्या दिवशी शांतपणे अर्ज करावा आणि मिळालेला विनंती क्रमांक जपून ठेवावा.

अर्ज दाखल झाल्यावर साधारण २४ तासांत फोन ब्लॉक होतो आणि भारतातील कोणत्याही कंपनीचे सिम त्यात चालेनासे होते. फोन पूर्णपणे निकामी होतो, असा समज मात्र चुकीचा आहे. वाय-फायवर तो चालू शकतो आणि आतील छायाचित्रे पुसली जात नाहीत, म्हणूनच सुरुवातीचे कुलूप महत्त्वाचे. कोणी त्यात सिम घालून पाहिले, की त्याची माहिती पोलिसांपर्यंत पोहोचते, आणि बरेच फोन याच धाग्यावरून सापडतात. आयएमईआय बदलून यातून सुटू पाहणे हा दूरसंचार कायदा, २०२३ नुसार गुन्हा असून त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

फोन परत मिळाला, मग तो चोराकडून असो वा गाडीच्या आसनाखालून, तरी तो आपोआप सुरू होत नाही. आधी पोलिसांना कळवावे आणि नंतर त्याच संकेतस्थळावर विनंती क्रमांक देऊन ब्लॉक काढून घ्यावा.