घाटात रेंज गेली तरी तंबोरा सुरू राहावा म्हणून

कऱ्हाड ते चिपळूण हा रस्ता मी आठवड्यातून दोनदा करते. शेतीपंपांचं काम, बाजूच्या सीटवर कोटेशनच्या फायली आणि पोळीभाजीचा डबा. पाटण मागे पडलं की फोनची रेंज लपंडाव खेळायला लागते आणि कुंभार्ली घाटात तर ती जातेच. ऑनलाइन गाणं लावलं असेल तर ऐन आलापात गोल चकरी फिरत बसते. घरी बाबांच्या १४० सीडी होत्या, बहुतेक शास्त्रीय. त्या लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावणाऱ्या फाइलींत उतरवायच्या आणि पेनड्राइव्हवरून गाडीत ऐकायच्या असं ठरवलं. एका रविवारचं काम वाटलं होतं, तीन महिने लागले. त्यातले दोन तरी निव्वळ चुका निस्तरण्यात गेले.

आधी गाडीचं मॅन्युअल काढा. डॅशबोर्डच्या कप्प्यात, पीयूसीच्या कागदांखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत असतं ते. त्यात ऑडिओच्या भागात चालणाऱ्या फाइलींचा तक्ता असतो. त्यात फ्लॅक (लॉसलेस फाइलीचा एक प्रकार) लिहिलंय का, आणि पुढे किती किलोहर्ट्झ व किती बिट, म्हणजे आवाज किती बारकाईनं नोंदवलेला चालतो, ते बघा. माझ्या गाडीत ‘फ्लॅक, ४८ किलोहर्ट्झपर्यंत’ असं आहे. सीडीचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, म्हणजे आपलं भागलं. पण कुणी ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झच्या ‘हाय-रेझ’ फाइली दिल्या, तर अशा स्टिरिओत त्या एक तर वाजत नाहीत किंवा नुसतं नाव दिसून पुढचं गाणं सुरू होतं. त्या घरीच ४८ किंवा ४४.१ वर उतरवून घ्यायच्या. तक्त्यात फ्लॅक नसेल आणि वेव्ह असेल तर वेव्हही लॉसलेसच, फक्त जागा जवळजवळ दुप्पट खाते आणि गायकाचं, रागाचं नाव बहुधा दिसत नाही. ॲपलची अलॅक ही लॉसलेस जात सगळे स्टिरिओ ओळखत नाहीत. अलॅकवरून फ्लॅक केलं तर आवाजातला एक कणही कमी होत नाही, तेव्हा बिनधास्त करा. उलट एमपीथ्रीत आवाजातलं काही आधीच टाकून दिलेलं असतं, त्यावरून फ्लॅक करणं म्हणजे ताकाचं पुन्हा दूध करायला बसणं.

आता सॉकेट. काही गाड्यांत दोन असतात आणि त्यातलं एक फक्त चार्जिंगचं. शेजारी विजेची किंवा बॅटरीची खूण असेल तर ते बहुधा चार्जिंगचं. त्रिशूळासारखी खूण असते ते गाण्यांचं. मी पहिले दोन दिवस चार्जिंगच्या सॉकेटात पेनड्राइव्ह खुपसून ‘नो डिव्हाइस’ वाचत होते.

सीडी उतरवायला लॅपटॉपला बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह घेतला आणि विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे मोफत सॉफ्टवेअर. ते प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा वाचून खात्री करतं, म्हणून वेळ घेतं. सीडी पुसायची ती मऊ सुती कापडानं, मधून कडेकडे, सरळ रेषेत. ताट पुसल्यासारखी गोल गोल पुसली तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेनंच पडतो आणि मग वाचताना जास्त त्रास होतो. हे सॉफ्टवेअर आपली कॉपी जगभरातल्या लोकांच्या कॉप्यांशी ताडून बघू शकतं, पण आपल्याकडच्या शास्त्रीय संगीताच्या कितीतरी सीडी त्या यादीत नाहीतच. ‘यादीत नाही’ असं आलं तर घाबरू नका. ‘टेस्ट अँड कॉपी’ वापरा, ते ट्रॅक दोनदा वाचून दर वेळी एक पडताळणीचा आकडा देतं. दोन्ही वेळचे आकडे जुळले की झालं.

फ्लॅक करताना शून्य ते आठ अशा पातळ्या विचारतात. त्याचा आवाजाशी काही संबंध नाही, फाइल किती घट्ट बांधायची एवढाच प्रश्न असतो. पाच ठेवा आणि पुढे चला. सीडीचा कच्चा आवाज मिनिटाला साधारण १० एमबी खातो, फ्लॅकमध्ये तो निम्म्याच्या आसपास येतो. तंबोरा, तबला, पेटी आणि एक गळा एवढंच असेल तर कधी निम्म्याहूनही कमी. माझी एक सीडी सरासरी साडेतीनशे एमबी झाली.

म्हणजे १४० सीडींना ५० जीबी. सरळ ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आणला, गाणी भरली, गाडीत लावला, आणि स्क्रीनवर ‘अनसपोर्टेड’. इतका मोठा पेनड्राइव्ह दुकानातून बहुतेक वेळा एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट होऊन येतो आणि माझ्या गाडीला फक्त फॅट३२ कळतं. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ हा पर्यायच दाखवत नाही. रूफस नावाच्या छोट्या मोफत सॉफ्टवेअरनं ते करता येतं. मी मात्र तो ६४चा मुलीला देऊन टाकला आणि ३२ जीबीचे दोन घेतले. एकावर गळ्याचं, एकावर वाद्यांचं. एक बिघडला तरी दुसरा हाताशी राहतो, आणि लहान पेनड्राइव्ह गाडी लवकर वाचते. नव्या गाडीत एनटीएफएस आणि एक्सफॅट दोन्ही चालत असतील तर तुम्हाला हा व्याप नाही.

आता खरी मेख. पहिल्याच दिवशी हेळवाकच्या पुढे एक यमन लावला, तर थेट द्रुत, म्हणजे जलद लयीतला भाग सुरू. ते संपलं आणि मग संथ विलंबित आलं! आधी कळस मग पाया. घरी लॅपटॉपवर बघते तर क्रम बरोबर. झालं असं, की लॅपटॉप फाइली नावाप्रमाणे लावून दाखवतो, पण गाडीतले बरेच स्टिरिओ तेवढी तसदी घेत नाहीत. पेनड्राइव्हवर ज्या क्रमानं फाइली लिहिल्या गेल्या त्याच क्रमानं वाजवतात. सगळं एकत्र ओढून टाकलं की तो क्रम कसाही लागतो.

यावर दोन उपाय. एक, पेनड्राइव्ह रिकामा करून फॉरमॅट करायचा आणि एकेक फोल्डर, त्यात एकेक फाइल क्रमानं टाकायची. १४० सीडींना हे करणारा माणूस मला अजून भेटायचाय. दोन, सगळं एकदम टाकायचं आणि मग ड्राइव्हसॉर्ट किंवा फॅटसॉर्ट चालवायचं. ही सॉफ्टवेअरं पेनड्राइव्हवरची यादीच नावाप्रमाणे लावून देतात, दोन मिनिटांत. नंतर एक जरी नवीन फाइल टाकली तर पुन्हा चालवायचं. आणि नावांपुढे आकडे द्यायचे ते ०१, ०२ असे. नुसते १, २ दिले तर कित्येक स्टिरिओंच्या हिशेबात १० हा २ च्या आधी येतो.

क्रम लागला, तर पुढचं दुखणं उभं राहिलं. सीडीवर विलंबित आणि द्रुत हे दोन ट्रॅक असतात, पण गाणं मध्ये थांबलेलं नसतं. तंबोरा वाजतोच आहे, तबलजी ठेका बदलतोय, गायक सम गाठतोय. माझा स्टिरिओ तिथे अर्धा सेकंद गप्प होतो. ऐकणाऱ्याला खड्ड्यात चाक गेल्यासारखं वाटतं. स्टिरिओत काही करता येत नाही, म्हणून फाइलच एक करायची. फूबार२००० या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅक निवडून कन्व्हर्ट करताना ‘सगळे ट्रॅक एका फाइलीत जोडा’ असा पर्याय असतो. फ्लॅकवरून फ्लॅकच होतं, त्यामुळे आवाज जसाच्या तसा राहतो. याचीही किंमत आहे. पेट्रोलला गाडी बंद केली की काही स्टिरिओ चालू गाणं पहिल्यापासून सुरू करतात. पन्नास मिनिटांची फाइल असेल तर पुन्हा पहिला आलाप. मला चालतं. तुम्हाला चालेल का ते तुम्ही बघा.

नावांचं म्हणाल तर काळजावर दगड ठेवून ती रोमनमध्ये लिहा. माझ्या गाडीत देवनागरीच्या जागी नुसते चौकोन येतात. कॉम्प्युटरवरच्या मूळ संग्रहात मी सगळं मराठीत ठेवलंय, पेनड्राइव्हची प्रत वेगळी. नावं बदलायला एमपीथ्रीटॅग. नाव तसं असलं तरी फ्लॅकवरही चालतं. इथे एक सवय लावून घ्या, एका माणसाचं एकच नाव. सीडीवरून आपोआप आलेल्या नावांमुळे माझ्या स्टिरिओत तीन भीमसेन जोशी झाले होते: एक ‘पं.’वाले, एक ‘पंडित’वाले आणि एक नुसतेच. तिघांकडे तीन वेगवेगळे राग. मालकंस शोधायचा तर कुठल्या भीमसेनांकडे जायचं ते गाडी चालवता चालवता आठवायचं. सगळ्यांची पदव्यांतून सुटका केली. किशोरी आमोणकरांच्या मागे ‘ताई’ही ठेवलं नाही, त्यांनी माफ करावं.

एक सीडी काही केल्या वाजेना. नाव दिसायचं आणि स्टिरिओ तिथेच अडकायचा. भाचा आला होता, तो म्हणाला, “आत्या, फोटो केवढा चिकटवलायस बघ की.” कव्हर मी हौसेनं स्कॅन करून घातलं होतं, तीन हजार पिक्सेल रुंद. ते ५०० बाय ५०० चं साधं जेपेग केलं आणि स्टिरिओ गायला लागला. भाच्याचा स्वतःचा पेनड्राइव्ह मॅकवर भरलेला. त्यावर प्रत्येक गाण्यामागे टिंब आणि अधोरेषेनं सुरू होणारी एक भूतफाइल होती, त्यामुळे गाडी दर दुसऱ्या गाण्याला ‘वाजवता येत नाही’ म्हणायची. विंडोजवर लपलेल्या फाइली दाखवा, त्या निवडा, उडवा. तेव्हा मलाही एकदा भाव खाता आला.

लोक फोल्डरला ‘लॉसलेस’ नाव देऊन काहीही वाटतात. खरंखोटं बघायला स्पेक हे सॉफ्टवेअर आहे, ते आवाजाचं चित्र काढतं. १६ किलोहर्ट्झच्या आसपास (इथे किलोहर्ट्झ म्हणजे आवाज किती उंच ते) चित्र सुरीनं कापल्यासारखं सरळ थांबलं असेल तर मूळ बहुधा एमपीथ्री. पण जुन्या ध्वनिमुद्रणांना हा न्याय लावू नका. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या तबकड्यांवर तेवढे वरचे स्वर मुळातच उमटलेले नाहीत. तिथे चित्र वर हळूहळू विरत जातं, कापलेलं दिसत नाही.

फरक कळतो का, हे सगळेच विचारतात. ऐंशीच्या वेगात, काचा उघड्या, समोर उसाची ट्रॉली, तेव्हा ३२० केबीपीएसचा, म्हणजे चांगल्या दर्जाचा एमपीथ्री आणि फ्लॅक यातला फरक मला तरी कळत नाही. ब्लूटूथशी मात्र कळतो, कारण तिथे आवाज जाताना पुन्हा दाबला जातो. मी लॉसलेस केलं ते मुख्यतः सीडी पुन्हा पुन्हा काढाव्या लागू नयेत म्हणून. फ्लॅक एकदा नीट करून ठेवलं की उद्या हवं ते त्यातून बनवता येतं. स्टिरिओची सेटिंग तेवढी बघा. बास आणि ट्रेबल शून्यावर आणा. शोरूममधून माझी गाडी आली तेव्हा बास इतका चढवलेला होता की डग्ग्याशिवाय काही ऐकूच येईना.

शेवटचं, पेनड्राइव्ह लॅपटॉपमधून काढताना ‘इजेक्ट’ करूनच काढा. आणि बोटभर लांबीचा नको, गिअर टाकताना गुडघा लागून माझा पहिला वाकला. नखाएवढे मिळतात ते घ्या. ते तापतात, म्हणून मे महिन्यात गाडी उन्हात लावायची असेल तर काढून पर्समध्ये टाकते.

परवा घाटमाथ्यावर धुकं इतकं उतरलं की गाडी कडेला घेऊन थांबावं लागलं. वायपर बंद केला, पंखा बंद केला. मल्लिकार्जुन मन्सूर चालू होते. तबला सुरू व्हायच्या आधी मागचे दोन तंबोरे वेगवेगळे ऐकू येत होते, एक जरासा पुढे, एक डावीकडे. फोनवर रेंजचं चिन्हही नव्हतं. धुकं विरायला वीस मिनिटं लागली, तोवर मी डबा उघडला.