सरोवराच्या काठावरून आकाशदर्शन कसे करावे

मोठ्या सरोवराच्या पाण्यावर दिवे नसतात आणि समोर झाड, डोंगर, इमारत असे काही आड येत नाही. क्षितिजापर्यंतचे आकाश मोकळे मिळते, पण फक्त पाण्याच्या बाजूला. पाठीमागच्या जमिनीवर गाव, रस्ता, झाडी असतेच. म्हणून काळोखी जागा शोधण्याआधी पाणी कोणत्या दिशेला हवे ते ठरवा.

१. काठ निवडा

उत्तर गोलार्धात पहिली पसंती उत्तर काठाला द्यावी, म्हणजे पाणी दक्षिणेला येते. वृश्चिक, धनु आणि आकाशगंगेचा मध्यभाग दक्षिणेला खालच्या बाजूने सरकत जातात. जमिनीवरून पाहताना नेमका हाच पट्टा झाडांमागे लपतो. अगस्त्य या तेजस्वी ताऱ्याचेही तसेच. २० अंश उत्तर अक्षांशावरून तो जास्तीत जास्त १७ अंश वर येतो, ३५ अंशांवरून जेमतेम दोन अंश, आणि साधारण ३७ अंशांच्या उत्तरेला दिसतच नाही.

पाणी पश्चिमेला असेल तर वसंत ऋतूत संधिप्रकाश संपता संपता राशिचक्रीय प्रकाशाचा, म्हणजे सूर्याभोवतीच्या धुळीवरून परतणाऱ्या उजेडाचा, तिरका, फिकट सुळका पाहता येतो. उच्च अक्षांशावर ध्रुवीय प्रकाशाची (ऑरोराची) आशा असेल तर पाणी उत्तरेला हवे.

नकाशात पलीकडचा काठही पाहा. समोर शहर असेल तर त्याच्या उजेडाचा घुमट नेमका आपल्या दिशेच्या क्षितिजावर बसतो आणि पाण्यात त्याचे प्रतिबिंबही पडते. शहराचा आकाश-उजेड अंतराच्या अडीचाव्या घाताने कमी होतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की उजेड सुमारे साडेपाच पटींनी घटतो. त्यामुळे काठाकाठाने आणखी वीस किलोमीटर पुढे जाण्याचा कंटाळा करू नये.

२. रात्र ठरवा

वद्य दशमी ते शुद्ध चतुर्थी हे दिवस चांगले. वद्य दशमीला चंद्र मध्यरात्रीनंतर बराच उशिरा उगवतो, शुद्ध चतुर्थीला रात्रीच्या पहिल्या प्रहरातच मावळतो. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की खरा काळोख होतो. उष्ण कटिबंधात त्याला सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तास लागतो. सुमारे ४८.५ अंश अक्षांशाच्या पलीकडे मात्र ऐन उन्हाळ्यात पूर्ण काळोख होतच नाही.

हवामानाच्या अंदाजात ढगांइतकेच दवबिंदूकडे, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते त्याकडे, लक्ष द्या. रात्रीचे तापमान दवबिंदूच्या दोन-तीन अंश जवळ येणार असेल तर दव नक्की पडणार. शरद ऋतूत आणखी एक अडचण असते. पाणी अजून कोमट असते, जमिनीवरची गार हवा रात्री त्यावर सरकते आणि पाण्यावर धुके धरते. अशा दिवसांत पहाटेऐवजी रात्रीचा पहिला भाग वापरावा. धुक्याची पहिली खूण पाण्यातच दिसते: तेजस्वी ताऱ्यांची प्रतिबिंबे विझू लागतात, वरचे तारे मात्र तसेच असतात.

३. दिवसाउजेडी जागा पाहून या

निसरडे खडक, कडा, लाटा कुठवर येतात, परतीची वाट हे सगळे उजेडात बघून ठेवा. रात्री तिथे थांबायला परवानगी आहे का, तेही विचारा. बसण्याची जागा पाण्यापासून दहा-वीस मीटर मागे आणि थोडी उंच निवडा, कारण गार, दमट हवा सखल भागात साचते. गाडी जाण्याच्या दिशेला तोंड करून लावा, म्हणजे निघताना हेडलाइट इतरांच्या डोळ्यांवर फिरणार नाहीत. आतला दिवाही आधीच बंद करून ठेवा.

४. डोळ्यांना वेळ द्या

किमान ३० मिनिटे. पहिल्या दहा मिनिटांत बराच फरक पडतो, म्हणून लोकांना वाटते की डोळे सरावले. खरी संवेदनशीलता त्यानंतर येते. एकदा फोनचा पांढरा पडदा पाहिला की बरीचशी मेहनत वाया जाते. टॉर्चवर लाल सेलोफेनचे तीन-चार थर लावा आणि तरीही उजेड मंद ठेवा, कारण प्रखर लाल दिवाही डोळे बिघडवतो.

डोळे सरावले की आकाशाची परीक्षा घ्या. ध्रुवमत्स्याच्या (ध्रुवतारा असलेल्या तारकासमूहाच्या) चौकोनातला सर्वांत मंद तारा पाचव्या प्रतीचा आहे; प्रत जितकी मोठी तितका तारा मंद. चारही तारे नुसत्या डोळ्यांनी दिसले तर जागा बरी आहे. देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी सहज दिसली आणि आकाशगंगेतले काळे पट्टे उठून दिसले, तर जागा उत्तम. हौशी आकाशनिरीक्षक जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेल्या, आकाशाच्या काळोखाच्या नऊ पायऱ्यांच्या मापात आपले आकाश कुठे बसते, हे अशाच खुणांवरून ठरवतात.

५. पाहायला सुरुवात करा

आधी नुसत्या डोळ्यांनी, मग द्विनेत्रीने (बायनॉक्युलरने). दुर्बिणीची घाई नको. देवयानी दीर्घिका सुमारे तीन अंश पसरलेली आहे आणि १०×५० च्या (दहा पट मोठे दाखवणाऱ्या, ५० मिमी भिंगाच्या) द्विनेत्रीत ती अख्खी मावते. ७×५० मधून ७ मिलिमीटर रुंदीचा प्रकाश बाहेर येतो, पण पन्नाशीनंतर डोळ्याची बाहुली बहुधा तेवढी उघडत नाही. त्या वयात १०×५० बरी. आडवे होता येणारी खुर्ची घ्या, नाहीतर मान दुखते आणि हातही थरथरतात.

मंद वस्तूकडे थेट पाहू नका, नजर थोडी बाजूला ठेवा. दृष्टिपटलाच्या मधोमध मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी जवळजवळ नसतात. क्षितिजापासून दहा अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या उंचीवर, ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या मानाने पाच-सहा पट हवेतून येतो. खाली असलेली वस्तू तिच्या सर्वोच्च बिंदूवर येईल त्या वेळेलाच पाहावी. पाण्याकाठी लोक हे विसरतात. क्षितिज मोकळे दिसते म्हणून तिथले सगळे स्वच्छ दिसेल असे त्यांना वाटते.

फोटोसाठी २० मिमी लेन्स, एफ/२.८, आयएसओ ३२०० आणि २० सेकंद इथून सुरुवात करा. फोकस तेजस्वी ताऱ्यावर हाताने लावा. वाळूत ट्रायपॉड हळूहळू खचतो, म्हणून प्रत्येक पायाखाली सपाट फळी ठेवा.

६. दवाशी सामना

भिंग आकाशाकडे उष्णता टाकत राहते आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार होते, म्हणून दव आधी त्यावरच बसते. दुर्बिणीच्या तोंडाला तिच्या व्यासाच्या किमान दीडपट लांबीची नळी लावा. काळा जाड कागद किंवा फोमची पट्टी चालते. द्विनेत्री वापरात नसताना जॅकेटच्या आत ठेवा. दव बसलेच तर पुसू नका, धुळीने भिंगावरच्या लेपावर ओरखडे उठतात. हलक्या गरम हवेने वाळवा. फुंकर मारली तर आणखी बाष्प बसेल.

निघताना सगळी झाकणे लावून उपकरणे तिथेच पिशवीत बंद करा. उबदार खोलीत पोचल्यावर पिशवी लगेच उघडू नका, तास-दोन तास तशीच राहू द्या. नंतर मात्र झाकणे काढून भिंगे पूर्ण वाळवा, नाहीतर बंद पेटीत बुरशी धरते.