देवळाचं थ्रीडी मॉडेल करताय? या चुका टाळा

गोव्यातल्या मंगेशीच्या देवळाचा सात मजली दीपस्तंभ ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये उभारायला बसलं की हात थेट कोनाड्यांकडे वळतो. कोनाडे, गलथे (मजल्यांमधले बाहेर आलेले आडवे पट्टे), महिरपी, वरचा कळस हे सगळं करायला मजा येते आणि ते लवकर दिसायलाही लागतं. मग रेंडर काढल्यावर खांब बुटका वाटतो, कडा कुठे जाड कुठे बारीक दिसतात, गिलाव्यावर मळकट डाग पडतात. अशा वेळी आणखी नक्षी घालून किंवा टेक्श्चर बदलून काही साधत नाही. चूक बहुतेक वेळा पहिल्या तासाभरातली असते. माप, स्केल आणि जाळीची (मेश, म्हणजे बिंदू, कडा आणि पृष्ठभाग यांची) बांधणी या तीन ठिकाणी ती सापडते आणि तिथेच दुरुस्त करावी लागते.

फोटोवर थेट रेघा ओढणं

सगळ्यात जास्त मॉडेलं इथे बिघडतात. दीपस्तंभाचा फोटो आपण पायथ्याशी उभं राहून, फोन वर करून काढतो. फोनची मुख्य लेन्स फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या हिशेबात साधारण २४ ते २६ मिलिमीटरची, म्हणजे रुंद कोनाची असते. कॅमेरा वर झुकला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे येतात आणि वरचे मजले खालच्यांपेक्षा आखूड दिसतात. दीपस्तंभ मुळातच वर निमुळता होत जातो. त्यात ही फसवी निमुळती भर पडते आणि फ्रंट व्ह्यूमध्ये फोटो ठेवून गिरवलेला खांब वरच्या अंगाला चेपलेला होतो. ऑर्थोग्राफिक व्ह्यूत, म्हणजे ब्लेंडरच्या सपाट समोरच्या दृश्यात, दृष्टिभेद (लांबचं लहान दिसणं) नसतो, फोटोत तो असतोच. त्यामुळे दोन्ही कधी जुळत नाहीत.

उपाय दोन आहेत. जमेल तितकं लांब जा, फोन सरळ धरा आणि झूम करून फोटो काढा. देवळाच्या प्रांगणात तेवढी जागा बहुधा मिळते. मागे सरायला वावच नसेल तर एफस्पाय हा मोफत प्रोग्राम वापरा. फोटोतल्या समांतर कडा त्याला दाखवल्या की तो कॅमेऱ्याची जागा आणि लेन्स काढून देतो आणि ती ब्लेंडरमध्ये आणता येते. मात्र त्याला दिलेला फोटो कापलेला नसावा. तो चित्राचा मध्य हाच लेन्सचा मध्य धरतो, म्हणून कातरलेल्या फोटोवरचा हिशेब चुकतो.

निदान एक खरं माप घेतल्याशिवाय घरी परतू नका. एका पायरीची उंची, चौथऱ्याची एक बाजू, दाराची रुंदी, काहीही चालेल. काहीच मोजता आलं नाही तर ज्याची उंची ठाऊक आहे असा माणूस खांबाला अगदी लागून उभा करून फोटो घ्या. गर्भकुडीत आणि सभामंडपात फोटो काढण्यावर पुष्कळ देवळांत बंदी असते. देवस्थानाच्या कार्यालयात आधी विचारा, आणि नाही म्हटलं तर आतला भाग मॉडेलमध्ये रिकामा ठेवा. अंदाजाने रचलेलं गर्भगृह पुढे कुणीतरी खरं धरून चालतो आणि जुन्या वास्तूच्या बाबतीत हे मोठं नुकसान आहे.

स्केल लावायचं राहून जाणं

भिंत करताना आपण घन घेतो आणि ऑब्जेक्ट मोडमध्ये ताणतो. दिसायला भिंत बरोबर असते, पण आत तिचं स्केल सहा, अर्धा, चार असं काहीतरी राहतं. बेव्हल (कडा गोलावण्याचं साधन) लावलं की तेही त्याच प्रमाणात ताणलं जातं आणि एका कडेचा गोलवा रुंद, दुसरीचा अरुंद होतो. एन दाबून उघडणाऱ्या पट्टीत स्केलचे तिन्ही आकडे १ नसतील तर कंट्रोल-ए दाबून स्केल लावून (अप्लाय करून) टाका. आरशातली प्रत मिळवायला स्केल उणे केलं असेल तर लावल्यानंतर नॉर्मल (पृष्ठभागाची बाहेरची दिशा) उलटले नाहीत ना, ते पाहा.

बेव्हलचं मापही वास्तूकडे बघूनच ठरवावं. जुन्या चुन्याच्या गिलाव्याचा कोपरा सुरीसारखा धारदार नसतो. दर वर्षीच्या रंगकामाने तो आणखी बोथट झालेला असतो.

छप्पन्न वेळा बूलियन

सात मजले, आठ बाजू आणि प्रत्येक बाजूला एक कोनाडा धरला तर ५६ कोनाडे होतात. प्रत्येकासाठी वेगळं बूलियन (एका आकाराने दुसरा कापणारं साधन) लावलं की फाइल रखडते, आणि त्यातलं एक बिघडलं तर कोणतं ते शोधण्यात संध्याकाळ जाते. अष्टकोनाचा फक्त आठवा भाग करा. मधोमध एक बाजू आणि दोन्हीकडे अक्षापर्यंत जाणारी पाचर, एवढाच. त्यात एकच कोनाडा कापा. कापणारा आकार सगळीकडून बंद हवा आणि भिंतीच्या पृष्ठभागाशी समतल न ठेवता बोटभर बाहेर आलेला हवा. दोन पृष्ठभाग एकाच पातळीत आले की बूलियन गोंधळतं.

मग पाचरीच्या आतल्या दोन बाजू पुसून टाका आणि ओळीने प्रती काढणारा अॅरे मॉडिफायर लावा. प्रती आठ, आणि ऑब्जेक्ट ऑफसेटमध्ये एक एम्प्टी (आकार नसलेली खुणेची वस्तू), झेड अक्षाभोवती ४५ अंश फिरवलेली. मर्ज चालू करा, पहिली आणि शेवटची प्रत जोडण्याचा पर्यायही. प्रती वर्तुळात न बसता गोगलगाईसारख्या बाहेर पसरत गेल्या तर पाचरीचा ओरिजिन (मूळ बिंदू) आणि एम्प्टी एकाच बिंदूवर नाहीत, किंवा पाचरीचं स्केल वा फिरवणं लावलेलं नाही. कारण या दोहोंपैकीच एक असतं.

खालचा मजला तयार झाला की त्याची प्रत काढून आख्खी लहान करायचा मोह होतो. तसं केलं तर गलथेही पातळ होतात आणि कोनाडे बाहुलीघरातले वाटतात. प्रत्यक्षात मजल्याची रुंदी, उंची आणि गलथ्याची जाडी एकाच प्रमाणात कमी होत नाहीत. म्हणून प्रत घ्या, पण एडिट मोडमध्ये जाऊन प्रत्येक भाग फोटोशी ताडून बदला. पणत्या, खांब, कठड्याचे दांडे अशा खरोखर सारख्या वस्तूंसाठी मात्र ऑल्ट-डी वापरा. त्यात जाळी एकच राहते आणि स्मृतीवर ताण येत नाही.

मळकट सावल्या

आधी फेस ओरिएंटेशन (पृष्ठभागाची दिशा रंगाने दाखवणारा पर्याय) चालू करा. लाल दिसेल तो पृष्ठभाग उलटा आहे. एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट-एन दाबा. मग एम दाबून अंतरानुसार मर्ज करा, म्हणजे एकावर एक बसलेले बिंदू जातील. तरीही डाग राहिले तर स्मूथ शेडिंगचा कोन तपासा; त्याहून कमी वळणाच्या कडा गुळगुळीत दाखवल्या जातात. तो सहसा ३० अंश असतो. अष्टकोनाच्या बाजू ४५ अंशांनी वळतात म्हणून त्यांच्या कडा टोकदार राहतात, पण सोळा बाजूंच्या घुमटाच्या तळाशी वळण २२.५ अंशांचं असतं आणि त्या कडा वितळून जातात. असा घुमट खराच पैलूदार असेल तर कोन कमी करा.

दोन पृष्ठभाग लुकलुकत असतील तर ते एकाच जागी आहेत. एक पुसा.

नकाशावरून डोंगर आणि रस्ते आणले आणि देऊळ एकदम थरथरायला लागलं, तर दोष देवळात नाही. गोव्याचे यूटीएम (नकाशावर मीटरमध्ये जागा सांगण्याची पद्धत) निर्देशांक उत्तरेकडे सुमारे १७ लाख मीटर इतके मोठे असतात. ३२ बिटांच्या संख्येत एवढ्या अंतरावर दोन शेजारच्या बिंदूंमधलं लहानात लहान अंतर साडेबारा सेंटिमीटर होतं. सगळा देखावा उचलून मूळ बिंदूजवळ आणा आणि वजा केलेले आकडे वेगळे लिहून ठेवा.

चुना, चिरा, कौल, शिंपला

चुन्याच्या भिंतीला पूर्ण पांढरा, म्हणजे १.० रंग देऊ नका. सगळे गलथे त्यात पुसले जातात. ०.८ च्या आसपास ठेवला की उन्हातही उठाव दिसतो.

जांभ्याच्या चिऱ्याचं लाल टेक्श्चर गोव्यातल्या प्रत्येक भिंतीवर बसत नाही. जांभा सच्छिद्र असतो, म्हणून राहत्या घराला आणि देवळाला गिलावा असतो. उघडा चिरा कुंपणाला, विहिरीला, फार तर जोत्याला. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ तर काळ्या बसाल्टचं आहे.

कौलांत चूक काळाची होते. कवळ्याचं शांतादुर्गेचं आजचं देऊळ १७३८ चं, शाहू महाराजांच्या काळातलं. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना मंगळुरात १८६० च्या दशकात सुरू झाला. देवळाचं मूळ रूप दाखवायचं असेल तर छपरावर मंगळुरी कौल चालणार नाही, अर्धगोल नळे हवेत.

जुन्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेले शिंपले काचेच्या शेडरने (पृष्ठभागाचा रंग-चमक ठरवणाऱ्या साधनाने) करू नका, पलीकडचं सगळं आरपार दिसतं. शिंपला उजेड घेतो आणि दुधाळ करून आत सोडतो. शिंपल्याच्या पातळ पृष्ठभागाला ट्रान्सलुसंट (अर्धपारदर्शक) शेडर द्या, त्यात थोडी चमक मिसळा आणि प्रत्येक शिंपल्याचा रंग जरासा बदला.

ऊन चुकीच्या बाजूने

सूर्य कायम दक्षिणेला ठेवण्याची सवय परदेशी धड्यांतून येते. गोवा साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत इथे माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. घड्याळात बारा वाजतात तेव्हा माध्यान्ह झालेली नसते, ती सुमारे अर्ध्या तासाने येते. मेमधल्या भर दुपारी छपराच्या बाहेर आलेल्या भागाची सावली आख्खी भिंत झाकते. २१ डिसेंबरच्या दुपारी मात्र सूर्य ५१ अंशांवर असतो आणि एक मीटर बाहेर आलेलं छप्पर दक्षिणेच्या भिंतीवर जेमतेम सव्वा मीटर सावली टाकतं. नक्षी उठावदार दिसावी तर हिवाळ्यातली सकाळ निवडा. सन पोझिशन अॅड-ऑनमध्ये तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश आणि जागतिक वेळेशी (यूटीसी) असलेला साडेपाच तासांचा फरक भरला की दिशा आपोआप लागते. देखावा जूनमधला असेल तर सूर्य बंदच करा, ढगाळ आकाश लावा आणि जोत्याचा रफनेस (खरखरीतपणा) फक्त पाणी साचतं तिथे कमी करा.