पैसा कुठून आला? नोटिशीला उत्तर देण्याआधी जमवायचं दप्तर

खात्यात भरलेल्या रोख पैशाचा खुलासा मागणारी आयकर खात्याची नोटीस हातात पडली की आधी वर्ष पाहा. निर्धारण वर्ष 2023-24 म्हणजे 1 एप्रिल 2022 ते 31 मार्च 2023 या काळातला व्यवहार. बरेच जण 2023 सालचं पासबुक घेऊन येतात आणि निम्मी मुदत त्यातच जाते. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला असला, तरी अशी जुनी वर्षं 1961 च्या कायद्यानेच चालतात.

मग कलम पाहा. 68 लागतं ते हिशेबवहीत जमा दाखवलेल्या रकमेला. 69ए लागतं ते तुमच्याकडे सापडलेल्या, पण वहीत नसलेल्या पैशाला. बँकेचं पासबुक ही खातेदाराची हिशेबवही नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाने फार पूर्वी म्हटलं आहे. म्हणजे नुसत्या पासबुकातल्या जमेला 68 लागत नाही; हा मुद्दा उत्तरात जरूर लिहा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका, कारण पैशाचा खुलासा तरीही द्यावाच लागतो. खुलासा पटला नाही तर अशा पैशावर जादा दराने कर लावणारं कलम 115बीबीई. 60 टक्के कर, त्यावर 25 टक्के अधिभार, वर 4 टक्के उपकर. दहा लाखांवर सात लाख ऐंशी हजार, शिवाय व्याज आणि दंड वेगळे. स्लॅबचा फायदा नाही की वजावट नाही.

आता कागद. त्या वर्षाचे सगळ्या खात्यांचे उतारे काढा. जिल्हा बँक, पतसंस्था, बायकोबरोबरचं जोडखातं, काही सोडू नका. आयकराच्या पोर्टलवरून एआयएस, म्हणजे तुमच्या व्यवहारांची खात्याकडे असलेली वार्षिक यादी, उतरवून घ्या, कारण वर्षभरात बचत खात्यांत दहा लाख किंवा जास्त रोख भरली की बँक ते कळवतेच. मग प्रत्येक रोख भरण्यासमोर पेन्सिलीने एकच ओळ लिहा: हा पैसा आदल्या दिवशी कुठे होता?

शेतीचा पैसा सांगणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त सातबारा जोडणं. सातबाऱ्याने जमीन तुमची आहे आणि नोंद असेल तर पीक काय होतं एवढं कळतं. माल विकला गेला हे सांगतात त्या बाजार समितीतल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या. माझ्याकडे आलेल्या एका हळदवाल्या शेतकऱ्याने जून 2022 मध्ये 11,40,000 रुपये रोख भरले होते. पट्ट्या आणल्या, हमाली-तोलाई वजा जाता बेरीज झाली 7,86,000. उरलेले 3,54,000 कुठले, हे त्यांना आठवेना. शेवटी दुसऱ्या बँकेच्या उताऱ्यात सापडलं: एप्रिलमध्ये उसाच्या बिलातले 3,60,000 त्यांनी घराच्या स्लॅबसाठी काढले होते, गवंडी आलाच नाही आणि पैसे कपाटात पडून राहिले. काढलेला पैसा परत भरला हा खुलासा चालतो, पण काढल्यापासून भरेपर्यंतच्या काळात तो का ठेवला याला कारण हवं, आणि घरखर्चाला काढलेले पाच-दहा हजारही शिल्लक धरून बेरीज फुगवू नये. तारीखवार रोख शिल्लक एका पानावर मांडा. विवरणपत्रात शेती उत्पन्न दाखवलं होतं का, तेही त्याच वेळी तपासा. तिथे शून्य असेल तर उत्तर आधीच तयार ठेवा.

उसनवारी असेल तर देणारा कोण, त्याची ऐपत होती का आणि व्यवहार खरा का, या तिन्हींचा पुरावा लागतो: सही केलेलं पत्र, पॅन, विवरणपत्र, बँक उतारा. त्याचा उतारा स्वतः वाचा. चेक देण्याच्या आदल्या दिवशी त्याच्या खात्यात तेवढीच रोख भरलेली दिसली तर अधिकारी तिथेच बोट ठेवणार. निर्धारण वर्ष 2023-24 पासून तर कर्ज देणाऱ्याने पैसा कुठून आणला हेही विचारलं जातं. वीस हजार किंवा जास्त रोख उसने घेतले असतील तर आधी सल्लागाराला सांगा. अशा रोख उसनवारीला मनाई करणारं कलम 269एसएस मोडलं असेल तर घेतलेल्या रकमेइतका दंड बसू शकतो.

भेट असेल तर नातं मोजून पाहा. मामाने दिलेलं चालतं, मामेभाऊ मात्र कायद्याच्या यादीत नाही. त्याच्यासारख्यांकडून वर्षभरात पन्नास हजारांवर गेलं की सगळीच रक्कम करपात्र. लग्नातल्या आहेराला ही मर्यादा नाही, पण आहेराची वही आणि पत्रिका शोधून ठेवा. दागिने मोडले असतील तर सराफाची पावती, त्यावर वजन आणि तारीख हवी.

एक गोष्ट करू नका. नोटिशीनंतर जुन्या तारखेचा करार बनवू नका. मुद्रांकाच्या मागे विकल्याची तारीख असते. एक खोटा कागद सापडला की खऱ्या पट्ट्यांवरचाही विश्वास जातो.

चेहराविरहित (फेसलेस) पद्धतीत, म्हणजे समोरासमोर न भेटता ऑनलाइन होणाऱ्या तपासणीत, तुमची फाइल वाचणारा अधिकारी देशात कुठेही बसलेला असू शकतो. त्याला सातबाऱ्यावरचं ‘हे. आर.’ (हेक्टर-आर) किंवा ‘पट्टी’ कळेलच असं नाही, म्हणून प्रत्येक मराठी कागदामागे त्याचा इंग्रजी सारांश जोडा आणि पानांना क्रमांक द्या. मुदत अपुरी वाटली तर ती संपण्याआधी वाढवून मागा. कारणे दाखवा नोटीस आली तर व्हिडिओवर सुनावणी मागता येते, ती मागाच.

आदेश विरोधात गेला तर अपिलाला 30 दिवस असतात. तिथे नवा कागद सहज घेतला जात नाही, आधी का दिला नाही हे सांगावं लागतं. म्हणून आत्ताच सगळं अपलोड करा आणि पावतीचा क्रमांक उतरवून फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवा.