इंग्लंडमधले जुने पॅरिश चर्च पाहताना या चुका टाळा

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि इथे फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींना खेड्यांतली जुनी पॅरिश चर्च, म्हणजे त्या त्या गावाची स्थानिक चर्च, दाखवायला मी बरीच वर्षे घेऊन जातो. त्याच त्या चुका दर वेळी होताना पाहिल्यामुळे त्या एकदा लिहून काढणे मला आवश्यक वाटले.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आत पाऊल टाकताच "हे कोणत्या सालचे?" असे विचारणे आणि मिळालेल्या एका सालावर समाधान मानणे. मुंबईत वाढलेल्यांची ही सवय मी समजू शकतो, कारण कुलाब्याचे अफगाण चर्च इंग्रजी गॉथिक वळणाचे असले तरी ते एका आराखड्यानुसार, एकाच पिढीत उभे राहिले आणि १८५८ मध्ये उपासनेसाठी अर्पण झाले. त्याला एक साल देता येते. इंग्लंडमधले खेड्यातले चर्च मात्र जुन्या वाड्यासारखे वाढलेले असते. आजोबांनी पडवी काढावी आणि नातवाने माडी चढवावी, तशी एका शतकात भक्तांच्या मुख्य दालनाला म्हणजे नेव्हला बाजूची आइल, म्हणजे खांबांच्या रांगेपलीकडचे अरुंद दालन, जोडली जाते, पुढच्या शतकात मनोरा येतो, आणि त्यानंतर नेव्हच्या भिंती उंच करून वर खिडक्यांची रांग बसते.

याचा धडा मला सुरुवातीच्या काळातच मिळाला. एका गावातल्या चर्चच्या दक्षिण दरवाजावर अर्धवर्तुळाकार कमान आणि करवतीच्या दात्यांसारखी नक्षी पाहून मी सोबतच्या बारा-चौदा जणांना ती बाराव्या शतकातली, म्हणजे फ्रान्सहून आलेल्या नॉर्मन राज्यकर्त्यांच्या काळातली, नॉर्मन कमान असल्याचे ठामपणे सांगितले. तिथले वयोवृद्ध चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणारे गावकरी, शांतपणे ऐकत होते. मंडळी बाहेर पडल्यावर त्यांनी मला परत दाराशी नेले आणि हातातली बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून तिचा उजेड आडवा सोडला. कमानीच्या प्रत्येक दगडावर कंगवा ओढल्यासारख्या बारीक, समांतर रेघा होत्या आणि नक्षीच्या कडा अजून बोटाला टोचत होत्या. डाव्या बाजूचे तळाचे दोन दगड तेवढे वेगळे होते. झिजलेले, आणि नॉर्मन पाथरवट कुऱ्हाडीसारख्या हत्याराने दगड तासत तेव्हा उमटत तसे तिरपे, कमीजास्त खोलीचे घाव असलेले. आतल्या खोलीत १८६० च्या दशकातला चौकटीत लावलेला नकाशा होता आणि त्यात ती कमान नव्या कामाच्या रंगात दाखवलेली होती. व्हिक्टोरियन दुरुस्तीकारांनी दोन मूळ दगडांवरून बाकीचा दरवाजा नव्याने घडवला होता. त्या संध्याकाळी मी प्रत्येकाला फोन करून माझे विधान मागे घेतले.

तेव्हापासून मी आत जाण्यापूर्वी बाहेरून एक पूर्ण प्रदक्षिणा घालतो, भिंतींतले सांधे पाहतो, आणि आत गेल्यावर कमानींच्या आधी खांबांचे तळखडे पाहतो. मनोऱ्याच्या नेव्हकडच्या भिंतीवर पुष्कळदा तंबूच्या आकाराची रेघ दिसते. ती जुन्या छपराची खूण असते. ती आत, आजच्या छपराखाली असेल तर नेव्ह नंतर उंच झाले, आणि बाहेर, छपराच्या वर असेल तर जुने उतरते छप्पर काढून कमी उताराचे घातले गेले. थॉमस रिकमन यांनी १८१७ मध्ये रूढ केलेली नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलर ही मध्ययुगीन शैलींची नावे उपयोगाची आहेत, पण ती एकेका खिडकीला लावावीत, संपूर्ण इमारतीला नव्हे. माहितीपत्रक मी शेवटी वाचतो. आल्याआल्या मोबाइल काढून उत्तर शोधणाऱ्यांना मी दहा मिनिटे थांबायला सांगतो, कारण उत्तर आधी कळले की डोळे शोधायचे थांबतात.

दुसरी चूक लाकूडकाम आणि आतल्या सामानाबाबतची. नेव्ह आणि वेदीकडचा चॅन्सल यांच्या सीमेवर, भिंतीत माणसाच्या डोक्याच्याही वर, कुठेच न जाणारे एक अरुंद दार दिसते आणि लगेच कोणीतरी भुयाराची गोष्ट सांगू लागते. ते दार रूड लॉफ्टचे असते. सीमेवरच्या नक्षीदार लाकडी पडद्यावर एक सज्जा असे, त्याच्या वर ख्रिस्ताचा मोठा क्रूस असे, आणि भिंतीतल्या जिन्याने त्या सज्जावर जात. सोळाव्या शतकात सहाव्या एडवर्ड राजाच्या काळात क्रूस उतरवले गेले, १५६१ मध्ये सज्जे काढण्याची राजाज्ञा निघाली, आणि जिना व दार तेवढे भिंतीत उरले. नॉरफकमधल्या रॅनवर्थ येथे असा पडदा त्यावरच्या रंगवलेल्या संतांसह शिल्लक आहे. तो एकदा पाहिला की इतर चर्चमधले ते अधांतरी दार आपोआप उलगडते.

प्रत्येक मोडतोड सतराव्या शतकातला प्युरिटन सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल याच्या माथी मारणे हीदेखील नेहमीची चूक आहे. मूर्तिभंजनाची मोठी लाट त्याच्या जन्माआधीच येऊन गेली होती. सफकमधल्या ब्लायबर्गच्या छतावरील लाकडी देवदूतांमध्ये बंदुकीचे छर्रे सापडले आणि यादवी युद्धात संसदेच्या बाजूने चर्चमधल्या मूर्ती-चित्रे फोडत फिरणाऱ्या आणि १६४४ मध्ये तिथे आलेल्या विल्यम डाउझिंगवर त्याचा ठपका गेला. प्रत्यक्षात अठराव्या शतकात छतावरचे कावळ्यांच्या जातीचे जॅकडॉ मारण्यासाठी लोकांना पैसे दिले जात, आणि ते छर्रे त्या काळातले आहेत. डाउझिंगने तिथे नुकसान केलेच, पण ते वेगळे.

पाय एकमेकांवर टाकलेला दगडी सरदार धर्मयुद्धावर गेलेलाच होता असे नाही. चॅन्सलमधली जमिनीलगतची छोटी खिडकी महारोग्यांसाठी होती, ही बिनबुडाची गोष्ट पुढे सांगू नये. राजचिन्हाच्या फलकावर फ्रान्सची लिली फुले असतील, तर तो १८०१ पूर्वीच्या नमुन्याचा असतो. बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या काठावर लोखंडी कडीचे तुकडे किंवा शिसे भरलेली भोके दिसली, तर ते नुकसान समजू नये. पवित्र पाणी चोरीला जाऊ नये म्हणून १२३६ मध्ये कुंडांना कुलूपबंद झाकण लावण्याचा आदेश निघाला होता, त्याची ती निशाणी आहे.

फरशीत बसवलेल्या पितळी स्मृतिपट्ट्यांवर पाय देऊ नये आणि त्यांवरचा गालिचा आपल्या हाताने ओढू नये. त्याखालच्या वाळूच्या कणानेही कोरलेल्या रेषेवर चरा पडतो. मी आधी वॉर्डनना विचारतो, दोघे मिळून गालिचा सरळ वर उचलतो, आणि पाहून झाल्यावर खालची धूळ मऊ ब्रशने झटकून मगच तो परत ठेवतो.